तपकिरी कागदाची साक्ष

जहाजाचा जो भाग पाण्यावर असतो, त्याची देखभाल नाविक नित्य करीत असतात. परंतु तळ, सुकाणू व पंखा हे भाग पाण्याखाली असल्यामुळे त्यांची झीज सहसा कोणाच्या दृष्टीस पडत नाही. जहाज सुक्या गोदीत घेऊन आतील पाणी उपसून काढले, म्हणजेच त्याचा तळ नीट तपासता येतो. मुंबईत अशी गोदी इ. स. १७५० च्या सुमारास लवजी नसरवानजी वाडिया यांच्या देखरेखीखाली बांधण्यात आली.

त्या काळी जहाजे लाकडाची असत. उष्ण समुद्रातील किडे ते लाकूड पोखरून टाकीत. यावर उपाय म्हणून इंग्लंडच्या आरमाराने इ. स. १७६१ मध्ये 'अलार्म' नावाच्या जहाजाच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकले आणि ते वेस्ट इंडीजकडे पाठविले.

इ. स. १७६३ मध्ये त्या जहाजाची तपासणी झाली. लाकूड किड्यांपासून बचावले होते. परंतु पत्रे जागोजाग निसटले होते. पत्र्यांलगतचे लोखंडी खिळे गंजून त्यांचा जणू लगदा झाला होता. खिळे हलके होते, असे म्हणून मोकळे होणे सोपे होते. पण तपासणाऱ्यांनी तसे केले नाही. त्यांना काही खिळे मात्र धड असलेले आढळले. एकाच जहाजावर, एकाच पाण्यात असा भेद का व्हावा?

शोध घेता कारण सापडले. तांब्याचे पत्रे तपकिरी कागदात गुंडाळून आले होते आणि काही ठिकाणी तो कागद तसाच राहिला होता. जेथे तांबे व लोखंड यांच्यामध्ये कागद होता, तेथे खिळा शाबूत होता; जेथे दोन्ही धातू एकमेकांना भिडले होते, तेथे तो नष्ट झाला होता. म्हणजे दोष एकट्या लोखंडाचा नव्हता, एकट्या तांब्याचाही नव्हता. खाऱ्या पाण्यातील त्यांच्या संगतीचा होता.

असे दोन धातू खाऱ्या पाण्यात एकत्र आले, की त्यांच्यात सूक्ष्म विद्युत्प्रवाह वाहतो आणि त्यांपैकी एक झिजतो. या ज्ञानाचा उपयोग हम्फ्री डेव्ही यांनी इ. स. १८२४ मध्ये केला. तांब्याच्या रक्षणासाठी त्यांनी जहाजांच्या तळाला लोखंडाचे तुकडे जोडले. कोचीन येथे बांधलेले 'समरंग' हे जहाज त्यांपैकी एक होते. तांबे वाचले, परंतु त्याचा विषारी गुण पाण्यात उतरेनासा झाल्याने तळावर शेवाळ व शिंपले वाढू लागले आणि जहाजांची गती मंदावली. एक दोष दूर करताना दुसरा उत्पन्न झाला.

तथापि ते तत्त्व वाया गेले नाही. आज पोलादी जहाजांच्या तळाला जस्ताचे किंवा अ‍ॅल्युमिनियमचे ठोकळे बसवितात. ते स्वतः झिजतात आणि पोलाद वाचवितात. भारतीय नौदलासाठी अशा धातूंचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा इ. स. १९५३ मध्ये मुंबईच्या गोदीत सुरू झाली. पुढे ती अंबरनाथला गेली.

अहिल्यानगर जिल्ह्याला समुद्र नाही; पण खारवट पाण्याच्या विहिरी आहेत. तेथे लोखंडी नळाला पितळी झडप जोडली, तर तो नळ जोडापाशी लवकर गंजू शकतो. असा नळ फुटला, तर तो फेकण्यापूर्वी क्षणभर निरखून पाहावा. मोडलेली वस्तू आपल्या मोडण्याचे कारण स्वतःच सांगत असते. ते वाचणारी दृष्टी मात्र हवी.

स्वाध्याय

१. काही खिळे शाबूत का राहिले?
२. डेव्ही यांच्या उपायाने कोणती नवी अडचण उभी राहिली?
३. दोन सारखे लोखंडी खिळे घ्या. एकाला तांब्याची उघडी तार गुंडाळा. दोन्ही वेगवेगळ्या पेल्यांत मिठाच्या पाण्यात ठेवा आणि आठ दिवस रोज निरीक्षण लिहा.