मातीतला पाइन

खांबाच्या बुडाशी मुंग्यांची रांग दिसली म्हणून सहज पेचकस टोचला, तर तो मुठीपर्यंत आत गेला, उकडलेल्या सुरणात जावा तसा. ओढून काढला तेव्हा तपकिरी, चौकोनी तुकड्यांचं ओलं भुस्कट बाहेर आलं. मांडव उभा करून दोनच पावसाळे झाले होते. वरून व्हार्निश मात्र अजून चकचकीत!

सावंतवाडीजवळच्या गावी परसात कायमचा मांडव हवा, असं माझ्या मनात होतं. सागाचा घनफुटाचा भाव ऐकून गप्प झालो आणि वखारीतून न्यूझीलंडचा रेडिएटा पाइन आणला. सरळसोट, फिकट पिवळा, रंध्याखाली लोण्यासारखा. आमचे सुतारकाका लाकूड बघूनच म्हणाले, ‘ह्यां पेटयेचां लाकूड. पावसात ऱ्हवाचां नाय.’ मला वाटलं, म्हाताऱ्याला सागाशिवाय काही दिसत नाही.

चूक झाली ती एका शब्दात. वखारवाला म्हणाला होता, ‘सीझन केलेला माल आहे,’ आणि मी ऐकलं, पावसाला चालेल. सीझनिंग म्हणजे फक्त वाळवणं. भट्टीत वाळवलेला पाइन वाकत-पिळत नाही, एवढाच त्याचा फायदा. ओलावा 20 टक्क्यांच्या वर गेला की बुरशीला तो पुन्हा मोकळाच. आमच्याकडे जून ते सप्टेंबर, त्यातही मातीत दोन फूट पुरलेल्या खांबाचं काय होणार? भरीला मी त्याभोवती काँक्रीट ओतलं होतं. मजबुती म्हणून केलेला तो उपद्व्याप पाणी साठवणारी वाटी ठरला. लाकडातल्या नळ्या कापलेल्या टोकाला उघड्या असतात. टोकानं पाणी प्यायलं, व्हार्निशनं ते बाहेर पडू दिलं नाही.

ऑकलंडला असलेल्या भाच्याला फोटो पाठवले. तो म्हणाला, ‘मामा, इथे घरंसुद्धा याच लाकडाची, पण फळीवर आधी शिक्का बघतात.’ तिथे लाकडाला धोक्याप्रमाणे वर्ग असतात : उघड्यावर पण जमिनीच्या वर असेल तर एच-3, मातीत पुरायचं तर एच-4 किंवा त्याहून वरचा. त्यांनीही एकदा ठेच खाल्लीय. 1990 च्या दशकात घरांच्या सांगाड्यात रसायन न मुरवलेला वाळवलेला पाइन वापरायची मुभा मिळाली, भिंतींत पाणी शिरलं आणि हजारो घरं आतून कुजली. 2004 पासून नियम पुन्हा कडक झाले.

तेव्हा वखारीत जाल तर ‘सीझन केलाय का’ एवढंच विचारून परतू नका. दाबाखाली रसायन मुरवलंय का आणि कुठल्या वापरासाठी, हे बिलावर लिहून घ्या. तांब्याच्या क्षारांमुळे अशा लाकडाला बहुधा हिरवट झाक असते, पण वरून फासलेला हिरवा रंगही हिरवाच दिसतो, म्हणून कागद हवा. घरी करवत लावलीत की आतलं कोरं लाकूड उघडं पडतं. त्या टोकाला पुन्हा ब्रशनं रसायन पाजायचं. खिळे-स्क्रू स्टेनलेसचे किंवा गरम जस्तात बुडवलेले घ्या, तांबं साध्या लोखंडाला खातं. उरलेले तुकडे न्हाणीच्या चुलीत तर मुळीच घालू नका. काही रसायनांत आर्सेनिक असतं, धुरात आणि राखेत ते उतरतं.

घरात, कोरड्यात, पाइनबद्दल माझी तक्रार नाही. त्याच वखारीतल्या फळ्यांचं पुस्तकांचं कपाट मस्त उभं आहे. फक्त गाठींवर आधी लाखेचा हात द्यावा, नाहीतर पांढऱ्या रंगातून राळेचे पिवळे डाग वर येतात.

खरी लाज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. आजोबांच्या पडवीतले खांब मी लहानपणापासून बघतोय. एकही मातीत पुरलेला नाही, सगळे दगडी तळखड्यांवर उभे आहेत. रोज त्यांना टेकून चहा प्यायलो, पण खाली दगड कशाला, हे कधी मनातही आलं नाही.

चुलत्यांच्या पडक्या घराचे चार तळखडे परसात पालथे पडले होते, त्यांवर आम्ही कपडे आपटायचो. खांब जमिनीपासून नऊ इंचांवर, चांगलं लाकूड लागेपर्यंत कापले, टोकांना रसायन पाजलं, मध्ये डांबरी पत्रा घालून तळखड्यांवर बसवले. वर पन्हाळीचा पत्रा चारी बाजूंनी दोन फूट पुढे काढला. सुतारकाका दिवसभर काम करत होते, पण पेटीचा विषय त्यांनी काढला नाही. मजुरी मात्र दुप्पट सांगितली, मी मुकाट दिली.