आखाजीला माहेरी जाताना गांडुळांची सोय

पुणे, चैत्र वद्य प्रतिपदा

चि. सौ. भाचीस,


अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आपल्या आखाजीला, पोरांना घेऊन तू खानदेशात माहेरी निघालीस आणि तीन आठवडे नाशिकमधल्या सातपूरच्या घराला कुलूप राहणार, हे तुझ्या आईकडून कळलं. फोनवर तू एकच गोष्ट विचारलीस: गॅलरीतल्या गांडुळांच्या पेटीत जाण्याआधी तीन आठवड्यांचा ओला कचरा भरून ठेवू का? त्याचं उत्तर आहे, नको. तसं का, आणि मग काय करायचं, हे फोनवर नीट सांगता आलं नसतं म्हणून मावशी सविस्तर लिहिते आहे.

आपल्याकडे खतासाठी बहुतेक ठिकाणी मिळतं ते लालसर, अंगावर आडवे पट्टे असलेलं गांडूळ म्हणजे आयसेनिया फेटिडा. १५ ते २५ अंश तापमानात ते सुखाने राहतं. ३५ अंशांच्या वर मात्र त्याचा जीव धोक्यात येतो. त्याला फुप्फुसं नसतात, ओल्या कातडीतूनच त्याचा श्वास चालतो. कातडी सुकली की ते गुदमरतं आणि पेटीच्या तळाशी पाणी साचून हवा संपली तरी गुदमरतं. भूक मात्र ते कित्येक दिवस सोसतं. तेव्हा कुलूपबंद घरातल्या पेटीची काळजी घ्यायची म्हणजे आधी ऊन, मग कोरड, मग साचलेलं पाणी यांचा बंदोबस्त करायचा. खाण्याचा विचार सगळ्यात शेवटी.

आता पेटी भरून का ठेवायची नाही, याचा हिशेब बघ. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात मेरी अॅपलहॉफ नावाच्या जीवशास्त्राच्या शिक्षिका होत्या. घरातल्या कचऱ्यावर गांडुळं कशी पाळायची, यावर त्यांनी १९८२ मध्ये एक पुस्तक लिहिलं आणि ते जगभर वाचलं गेलं. रोजचा जेवढा कचरा असेल त्याच्या दुप्पट वजनाची गांडुळं हवीत, हे त्यांचं प्रमाण आजही घरोघरी वापरतात. म्हणजे एक किलो गांडुळांना दिवसाला फार तर अर्धा किलो कचरा. तीन आठवड्यांचा एकदम टाकायचा तर तो साडेदहा किलो होतो. एवढा ओला ढीग बंद पेटीत गांडुळांच्या आधी जिवाणूंच्या ताब्यात जातो. तो आंबतो, तापतो आणि आतली हवा संपवतो. मोठ्या कंपोस्टच्या ढिगात तापमान ५० अंशांच्याही वर जातं. तुझी पेटी तेवढी तापणार नाही, पण वैशाखात नाशिकचा पारा अधूनमधून चाळिशी ओलांडतो आणि त्या उन्हावर आतल्या उष्णतेची भर पडली की पस्तिशीची मर्यादा सहज मोडते. मग गांडुळं झाकणाकडे चढतात, फटीतून बाहेर पडतात आणि गॅलरीच्या फरशीवर वाळून जातात. आत उरतो तो घाण वास आणि चिलटं. निघायच्या आधी घरी आमरस झाला, तर आंब्याच्या सालींचा ढीग पेटीत टाकायचा मोह होईल. गोड साली सगळ्यात लवकर आंबतात, म्हणून त्या तर मुळीच टाकू नकोस.

मग तीन आठवडे ती खाणार काय? अंथरूण.

भाजीची देठं आणि साली हे आपल्याला गांडुळाचं अन्न वाटतं, पण कुजायला लागलेल्या पदार्थावर वाढणारे जिवाणू आणि बुरशी हाच त्याचा मुख्य आहार आहे. त्याला दात नसतात. मातीच्या कणांच्या मदतीने पोटातल्या पेषणीत ते सगळं दळतं. ओला पुठ्ठा, वाळका पालापाचोळा, फाडलेली वर्तमानपत्रं, नारळाच्या काथ्याचा भुसा यांवरही हे जिवाणू वाढतात, फक्त हळूहळू आणि पेटी न तापवता. म्हणून अशा अंथरुणाचा चांगला जाड थर असेल तर तीन-चार आठवडे गांडुळं त्यावर निभावून नेतात. कधी वजन घटतं, अंडी घालणं मंदावतं, पण ती जगतात.

पुठ्ठ्याला सातपूरमध्ये तोटा नाही. औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांतून रिकामी खोकी रोज बाहेर पडतात. त्यांतली कोरडी, तपकिरी, साधी खोकी घे. चिकटपट्टी आणि पिना काढून टाक. ज्यावर तेलाचे, ग्रीसचे किंवा यंत्राच्या कूलंटचे डाग आहेत, ते खोकं घरात आणूसुद्धा नकोस. प्लायवूडचा भुसाही नको, त्यात चिकटवण्याची रसायनं असतात. गुळगुळीत रंगीत छपाईचा कागद वगळ. काथ्याच्या भुशात मीठ असू शकतं, म्हणून तो आधी दोनदा धुऊन घे.

तयारीला आजपासूनच लाग. आखाजीला सतराएक दिवस आहेत आणि ते पुरेसे आहेत. तयार खत काढायचं असेल तर ते या चार-पाच दिवसांतच काढ. निघायच्या आदल्या दिवशी पेटी उपसलीस तर बिथरलेली गांडुळं एकटी पडतील आणि काही बिघडलं तरी बघायला कुणी नसेल. सगळं खत काढू नकोस, तिसरा हिस्सा आत राहू दे, कारण त्यात गांडुळांच्या अंड्यांचे कोष, म्हणजे अंडकोष असतात. त्यावर पुठ्ठ्याचे बोटभर रुंदीचे तुकडे भिजवून, पिळून, वीतभर जाड थर दे. मूठभर बारीक माती आणि अंड्याच्या टरफलांची पूड मिसळ, पेषणीला ती लागते. ओल किती हवी ते हातानेच कळतं. मूठभर अंथरूण घट्ट दाबल्यावर बोटांतून थेंब-दोन थेंब पाणी यावं. धार लागली तर जास्त झालं. काहीच आलं नाही तर कमी.

शेवटचं खाणं निघायच्या तीन-चार दिवस आधी दे आणि तेही नेहमीच्या निम्मं. दुधीच्या साली, कोबीची पानं, चहाचा धुतलेला चोथा एवढं चालेल. लाल भोपळ्याचा तुकडा हळूहळू कुजतो, म्हणून तो चांगला, पण बिया काढून टाक, नाहीतर पेटीत वेल उगवेल. लिंबू-संत्र्याची साल, उरलेलं वरण, तेलकट भाजी, लोणचं, पोळ्या हे काही नको. निर्माल्यातला झेंडू चालतो, मात्र हळद-कुंकू लागलेला नाही.

त्या चार दिवसांत उरणारा ओला कचरा घंटागाडीत दे आणि त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. कचराकुंड्यांऐवजी दारोदार फिरणारी ही गाडी नाशिकने १९९० च्या दशकातच सुरू केली. शहराचा कचरा पाथर्डीच्या खत प्रकल्पाकडे जातो. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओला, सुका आणि घातक कचरा घरातच वेगळा करणं बंधनकारक केलं. तू ते आधीपासून करतेसच.

पेटी कुठे ठेवायची, यावर सगळ्यात जास्त अवलंबून आहे. तुझी गॅलरी पश्चिमेची आहे. दुपारनंतर तिथे थेट ऊन येतं आणि उन्हातली झाकलेली प्लॅस्टिकची पेटी बाहेरच्या हवेपेक्षाही जास्त तापते. तेव्हा पेटी घरात घे. न्हाणीघराबाहेरचा कोपरा किंवा उत्तरेकडची भिंत सगळ्यात बरी. तिला कपडे धुण्याच्या यंत्राला खेटून मात्र ठेवू नकोस, कारण त्याचे हादरे. चार्ल्स डार्विनने गांडुळांवर चाळीसहून अधिक वर्षं विचार केला आणि १८८१ मध्ये त्यांच्यावरचं पुस्तक काढलं. ते त्याचं शेवटचं पुस्तक ठरलं. त्याने गांडुळांच्या कुंड्यांजवळ शिट्टी फुंकली, पियानो वाजवला, पण त्यांना काही कळलं नाही. कुंड्या पियानोवरच ठेवून सूर छेडला तेव्हा मात्र ती झटकन बिळात गेली. आवाज त्यांना ऐकू येत नाही, हादरा मात्र कळतो. तुम्ही नसताना यंत्र चालणार नाही हे खरं, पण परतल्यावर पेटी तिथेच राहून जाईल, म्हणून आत्ताच सांगते.

अंथरुणावर ओलं गोणपाट दुमडून टाक आणि वर झाकण ठेव. झाकणाची भोकं मोकळी आहेत ना, ते पाहा. त्यांतून हवा जाते. उंदीर येत असतील तर भोकांवर बारीक जाळी लाव.

आता पेटीच्या पायांखालच्या पाण्याच्या वाट्यांबद्दल. मुंग्यांसाठी तू त्या ठेवल्या आहेस आणि घरात कुणी असताना ती पद्धत चांगलीच आहे. पण डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. म्हणून तर आठवड्यातून एक दिवस घरातली भांडी कोरडी ठेवा, असं आरोग्य खातं सांगत असतं. तीन आठवड्यांत त्या वाट्यांतून डासांच्या दोन पिढ्या निघतील, नाहीतर पाणी आटून मुंग्या पेटीत शिरतील. जाताना वाट्या उलट्या करून ठेव आणि पेटीच्या पायांना ग्रीसचा पट्टा लाव. तळाच्या नळाखालच्या भांड्याचंही तसंच. नळ उघडा ठेव, म्हणजे आत पाणी साचणार नाही, आणि खालच्या भांड्यात कोरडा काथ्याचा भुसा भर. झिरपलेलं पाणी तो शोषून घेईल.

शेजारच्या काकूंकडे किल्ली देणार असशील तर त्यांना एकच काम सांग: आठवड्यातून एकदा गोणपाटावर पाणी शिंपडायचं, तेही ते कोरडं वाटलं तरच. झाकणावर ठळक अक्षरांत लिहून ठेव: 'फक्त पाणी शिंपडावे. खायला घालू नये.' माणसं मायेने शिळी पोळी आणि वरण-भात टाकतात आणि पेटी त्यानेच बिघडते.

हा बेत तीन-चार आठवड्यांसाठी आहे. आठवड्याभरासाठी बाहेर जाणार असशील तर यातलं काहीच नको, सावली आणि ओलं गोणपाट पुरे. दोन महिन्यांसाठी जायची वेळ आली तर मात्र पेटी कुणाच्या तरी हवाली करावी लागेल. तसंही दोन-तीन ओंजळी गांडुळं खतासकट एखाद्या मैत्रिणीच्या कुंडीत आत्ताच देऊन ठेव. एका ठिकाणी काही घडलं तरी दुसरीकडे बियाणं राहतं. दिवाळीनंतर थंडीत जाणार असशील तर जात कोणती ते आधी पाहा. युड्रिलस युजिनी हे आफ्रिकेतलं मोठं गांडूळ थंडी सोसत नाही आणि नाशिकला डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली उतरतो. पेरिओनिक्स एक्सकॅव्हेटस ही आपल्याकडचीच जात, पण जागा बिघडली की ती टोळीने पेटी सोडते. ओळख पटली नाही तर मुक्त विद्यापीठाच्या कृषी विज्ञान केंद्रात विचार. गंगापूर धरणाकडच्या गोवर्धन शिवारातलं ते ठिकाण तुला जवळच आहे. इथे पुण्यात भवाळकर गांडूळ संशोधन संस्थेने गांडुळांचा विषय लोकांपर्यंत नेला आणि शहरातल्या माणसालाही या प्राण्याशी जोडलं. विचारायला जागा आहेत, तेव्हा अंदाजाने काही करू नकोस.

आता परतल्यानंतरचं. झाकण उघडल्यावर गांडुळं कमी दिसली किंवा दिसलीच नाहीत, तरी पेटी रिकामी करू नकोस. आधी तळाशी हात घालून बघ, उन्हाळ्यात ती खाली गोळा होतात. खरंच नसली तरी खतात लिंबाच्या आकाराचे, मोहरीपेक्षा जरा मोठे, पिवळसर-तपकिरी अंडकोष असतील. ओल आणि गारवा मिळाला की साधारण तीन-चार आठवड्यांत एकेकातून दोन-तीन पिल्लं निघतात आणि पुढच्या सहा ते आठ आठवड्यांत ती मोठी होतात. म्हणून महिनाभर तरी ते खत ओलं ठेव आणि वाट पाहा. अंथरूण कोरडं झालं असेल तर एकदम बादली ओतू नकोस, दोन-तीन दिवस थोडंथोडं शिंपड. पहिल्या आठवड्यात नेहमीच्या निम्माच कचरा घाल आणि तो संपल्याचं दिसलं की मग वाढव.

आईला नमस्कार, पोरांना आशीर्वाद. आखाजी आनंदात कर आणि निघण्याआधी पायांखालच्या वाट्या न विसरता उलट्या कर.

तुझी,
मावशी