हळदीला सावली किती, कधी, कुठून

कॉफी लावून बघू का, असं आमच्या परभणीकडच्या पोखर्णीत दर दोन-चार वर्षांनी कुणीतरी विचारतंच. महाराष्ट्रात कॉफी होते ती मेळघाटात, चिखलदऱ्याच्या गार डोंगरावर, साधारण ११०० मीटर उंचीला. आपली भारी काळी जमीन आणि मे महिन्यात ४४ च्या वर जाणारा पारा, इथं तो नाद नको. पण कॉफीवाल्यांची एक रीत उचलण्यासारखी आहे. पांगारा, सिल्व्हर ओक यांच्या सावलीत ते कॉफी वाढवतात आणि ती सावली वर्षभर सारखी ठेवत नाहीत. उन्हाळ्यात दाट, पावसाच्या तोंडावर फांद्या छाटून विरळ. आपल्या हळदीला हेच हवं असतं.

हळद आठ-नऊ महिन्यांत निघते, म्हणून सावलीचं झाडही झपाट्यानं वाढणारं आणि सहज काढता येणारं हवं. एरंड त्याला उत्तम. बांधावर कायमची सावली हवी तर शेवरी किंवा हादगा लावा. पानमळेवाले वेल चढवायला हीच झाडं वापरतात. लिंबाच्या मोठ्या झाडाखाली मात्र वाफे पाडू नका. ते पाणी ओढतं, आणि त्याची सावली आपल्या हातात राहत नाही.

मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात हळद लावायची असेल तर एरंड एप्रिलच्या सुरुवातीलाच टोकावा. हळदीसोबत टोकला तर कोंब वर येतात तेव्हा तो जेमतेम वीत-दीड वीत असतो आणि पाऊस लांबला की पानांची टोकं करपतात. गादीवाफे, ठिबक आधी तयार ठेवून नळीजवळ पाच-सहा फुटांवर दोन-दोन बिया टाका, नंतर एकच रोप ठेवा.

बाजूचा विचार बहुतेक जण करतच नाहीत. परभणीत शून्य सावलीचा दिवस मेच्या मध्यावर येतो. तिथून जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारचा सूर्य डोक्यावर, किंचित उत्तरेकडं असतो, त्यामुळं दक्षिणेच्या बांधावरचं झाड तेव्हा वाफ्याला काही देत नाही. जाळतं ते दोन ते पाचचं ऊन, पश्चिमेकडून येणारं. म्हणून एरंडाची मुख्य ओळ पश्चिम कडेला, आणि आत तीन-चार वाफ्यांआड एकेक.

सावली मोजायला यंत्र लागत नाही. दुपारी तीनला वाफ्याशेजारी उकिडवं बसा. मातीवर कवडसे हलताना दिसले तर जमलं. सलग गडद पट्टा दिसला की एरंडाची खालची पानं काढून सरीत आच्छादनाला टाका. टाकण्याआधी पान उलटून बघा. पानं खाणाऱ्या अळीचा पतंग एरंडावर आवडीनं अंडी घालतो. पुंजका दिसला तर ते पान शेताबाहेर नेऊन पुरा.

पाऊस लागला की छाटणीत हात आखडता घेऊ नका. ढगाळ दिवसांत ऊन आधीच कमी. वर सावली राहिली तर हळद उंच, लुकडी वाढते आणि फुटवे धरत नाही. एका साली एरंडाच्या शेंगांच्या लोभापायी मी ऑगस्टभर झाडं तशीच उभी ठेवली. कडेच्या दोन वाफ्यांत पानं पिवळी पडली. उकरून गड्डा दाबला तर बोट आत गेलं, वास आला. कंदकुज. त्याच बेण्याच्या उघड्यावरच्या वाफ्यांना काही झालं नव्हतं.

आता भरणीच्या आधीच आतल्या ओळी जमिनीलगत कापतो, पश्चिमेच्या ओळीचा फक्त शेंडा मारतो. एरंड उपटायचा नाही. मुळांबरोबर हळदीचे गड्डे हलतात.