ब्रायटनच्या दोन रात्री : हिशोब पौंडांत

ब्रायटन बघायचं म्हणून भारतातून कुणी विमानात बसत नाही. मुलाकडे किंवा लेकीकडे महिना-दोन महिने मुक्काम पडतो, लंडनचा टॉवर आणि म्युझियमं उरकतात, आणि मग एखाद्या संध्याकाळी जेवताना विषय निघतो : ‘इथे जवळपास समुद्र नाही का कुठे?’ आहे. लंडनहून रेल्वेने तासाभरावर. गेली काही वर्षं आमच्याकडे आलेल्या पाहुण्यांना मी तिकडे पाठवते आहे, कधी सोबत जातेही. कुठे पैसे वसूल झाले आणि कुठे फुकट गेले, त्याचा हा हिशोब. भाव बदलत राहतात, त्यामुळे आकडे अंदाजाने घ्या. कशावर किती जातं हे प्रमाण मात्र फारसं बदलत नाही.

मराठी घरात ब्रायटनचं नाव आधीपासून माहीत असतं, कारण सावरकरांनी सागराला उद्देशून लिहिलेलं ते गीत १९०९ साली याच किनाऱ्यावर सुचलं. त्यामुळे किनाऱ्यावर जाऊन वाळूत दोन मिनिटं शांत बसायचं, हे पाहुण्यांनी मनाशी ठरवलेलं असतं. बसा जरूर, पण वाळू मिळणार नाही. ब्रायटनचा किनारा गोट्यांचा आहे. लिंबाएवढे, बटाट्याएवढे गुळगुळीत तपकिरी गोटे, आणि तेही उतारावर. पाऊल टाकलं की सरकतात. चपलांवर जाऊ नका. जाड तळाचे बूट आणि बसायला एखादी घडीची सतरंजी घरूनच न्या. पाणी ऑगस्ट-सप्टेंबरात सर्वांत कोमट असतं, म्हणजे सतराअठरा अंश. आपल्याकडे आंघोळीला कुणी ते बादलीत घेणार नाही.

आता मुद्द्याचं. दोन रात्रींच्या सहलीत सगळ्यात मोठा खर्च राहण्याचा, आणि तो हॉटेलच्या दर्जापेक्षा वारावर जास्त ठरतो. ब्रायटन हे लंडनकरांचं शनिवार-रविवारचं गाव आहे. लग्नाआधीच्या मैत्रिणींच्या पार्ट्या, मित्रांचे घोळके, सगळे शुक्रवारी संध्याकाळी उतरतात. साध्या साखळी हॉटेलातली जी दोघांची खोली सोमवारी साठ ते ऐंशी पौंडांना मिळते, तिलाच शनिवारी दीडशे मोजावे लागतात, आणि रात्री दोनपर्यंत खिडकीखाली चाललेलं गाणं वर फुकट. शिवाय कित्येक छोटी गेस्ट हाउसं शनिवारी एका रात्रीसाठी खोली देतच नाहीत, दोन रात्री घ्याव्या लागतात. म्हणून माझा सल्ला एकच : रविवारी दुपारी पोहोचा, मंगळवारी परता. रविवारी संध्याकाळी सहानंतर गर्दी स्टेशनाकडे निघते आणि तुम्ही समुद्राकडे.

काही तारखा मात्र कोणत्याही वारी महागच. ऑगस्टच्या सुरुवातीचा प्राइडचा शनिवार-रविवार, एप्रिलमधली मॅरेथॉन, मे महिन्यातला ब्रायटन फेस्टिव्हल, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी लंडनहून निघणारी जुन्या मोटारींची फेरी. सप्टेंबरात एखाद्या राजकीय पक्षाचं अधिवेशन ब्रायटनला असलं तर आठवडाभर खोल्यांचे भाव चढतात. बुकिंग करण्यापूर्वी एवढं बघून घ्या. जून आणि सप्टेंबरचे मधले वार सर्वांत चांगले. जूनमध्ये तर नऊ वाजून गेले तरी उजेड असतो, म्हणजे एका दिवसाच्या पैशांत दीड दिवस पदरात पडतो. डिसेंबरात खोली स्वस्त, पण चारला अंधार.

खोली घेताना दोन प्रश्न विचाराच. पहिला : लिफ्ट आहे का? केम्पटाउन भागातली गेस्ट हाउसं दोनशे वर्षांपूर्वीच्या उंच, अरुंद घरांत आहेत. एकदा माझ्या आत्याला मी हौसेने अशाच ठिकाणी उतरवलं. खोली सुंदर होती, पण चौथ्या मजल्यावर. जिना शिडीसारखा, आणि मालक सामान उचलायला हात लावेना. दोन दिवसांत आत्या समुद्रावर एकदाच गेली. दुसरा प्रश्न : ‘सी व्ह्यू’ म्हणजे नेमकं काय? समोर समुद्र दिसणाऱ्या खोलीला रात्रीचे वीस-तीस पौंड जास्त पडतात. ‘साइड सी व्ह्यू’ म्हणजे खिडकीतून मान बाहेर काढून उजवीकडे वळवल्यावर दोन इमारतींच्या मधून दिसणारी निळी फट. समुद्र रस्ता ओलांडला की फुकट आहे. ते पैसे न्याहारीवर घालवा.

जायला रेल्वेच. व्हिक्टोरियाहून सदर्नच्या, आणि सेंट पँक्रास, ब्लॅकफ्रायर्स, लंडन ब्रिज इथून थेम्सलिंकच्या गाड्या आहेत. तिकीट आगाऊ घेतलं आणि ठरावीक गाडीचं घेतलं, तर माणशी एका बाजूला दहाबारा पौंडांत भागतं. आयत्या वेळी स्टेशनात घेतलं तर दुप्पटही होतं. दोघं जाणार असाल तर ‘टू टुगेदर’ रेलकार्ड एक-तृतीयांश सवलत देतं, पण ते पस्तीस पौंडांना येतं. म्हणजे वर्षात दोघांची मिळून किमान एकशे पाच पौंडांची तिकिटं झाली तर कार्डाचे पैसे निघाले. एका ब्रायटनसाठी ते घेऊ नका. एडिंबरो किंवा लेक डिस्ट्रिक्टही ठरलं असेल तर जरूर घ्या, फक्त सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊपूर्वी ते चालत नाही. साठीच्या पुढच्यांना त्याच किमतीत सीनिअर रेलकार्ड मिळतं. आणि तिघं ते नऊ जण एकत्र निघालात तर कार्डाची गरजच नाही : गर्दीच्या वेळा सोडून ‘ग्रुपसेव्ह’ मागा, तेवढीच सवलत मिळते. विचारल्याशिवाय हे कुणी आपणहून सांगत नाही.

एक धोक्याची सूचना. लंडनचं ऑयस्टर कार्ड या मार्गावर गॅटविक विमानतळापर्यंतच चालतं. आत शिरताना फाटक उघडतं, म्हणून माणूस निर्धास्त बसतो आणि ब्रायटनला बाहेर पडताना अडकतो. विनातिकीट प्रवासाचा दंड शंभर पौंड अधिक त्या प्रवासाचं भाडं. एकवीस दिवसांत भरला तर शंभरचे पन्नास होतात, पण तेवढ्यात दोन माणसांचं बऱ्यापैकी जेवण होतं.

गाडी घेऊन जाऊ नका. किनाऱ्यालगत दिवसभराच्या पार्किंगला पंचवीस-तीस पौंड सहज जातात, आणि ते भरायचे फोनवरून. रोख चालेल या भरवशावर राहू नका. सगळ्यात स्वस्त हवं असेल तर व्हिक्टोरिया कोच स्टेशनहून बस आहे. तिला दोन तासांच्या वर लागतात.

स्टेशनातून बाहेर पडलात की क्वीन्स रोड सरळ उताराने समुद्राकडे जातो. पंधरा मिनिटांचा रस्ता, आणि टोकाला करडी-निळी पट्टी सतत दिसत असते. टॅक्सी करू नका. परतताना हाच चढ असतो, तेव्हा बॅगांसह बस घ्या.

खाण्याचं गणित सोपं आहे. बसून फिश अँड चिप्स घेतले तर पंधरा ते अठरा पौंड, बांधून घेतले तर दहा ते चौदा. शाकाहाऱ्यांनी चिप्स मागण्याआधी विचारावं की तेल कोणतं आणि मासे त्याच कढईत तळता का; बहुतेक ठिकाणी उत्तर ‘हो’ असतं. पण शाकाहाऱ्यांसाठी ब्रायटनइतकं सोयीचं गाव इंग्लंडात क्वचितच सापडेल. ‘फूड फॉर फ्रेंड्स’ आणि ‘तेर आ तेर’ ही दोन्ही पूर्ण शाकाहारी रेस्टॉरंटं कित्येक वर्षं इथे टिकून आहेत. तिथे माणशी तीसच्या आसपास जातात, म्हणून एक जेवण तिथे करा आणि बाकीचं सुपरमार्केटमध्ये : सँडविच, वेफर्स, पेय मिळून चारेक पौंडांचं ‘मील डील’. दारूचा परवाना असलेल्या कोणत्याही ठिकाणी नळाचं पाणी मागितलं तर फुकट द्यावं लागतं, तसा नियमच आहे. वेटर ‘स्टिल की स्पार्कलिंग’ विचारतो तेव्हा ‘टॅप’ म्हणा. बिलात साडेबारा टक्के सर्व्हिस चार्ज लागलेला असतो; तो बहुतेक ठिकाणी ऐच्छिक असतो, तसं बिलावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. सेवा बरी नसेल तर काढायला सांगता येतो.

आणि सीगल. हे पक्षी आपल्या कावळ्यापेक्षा बरेच मोठे आणि दुप्पट निगरगट्ट. कागदाचा डबा उघडून, मीठ-व्हिनेगर घालून, पहिली चिप तोंडाकडे नेईपर्यंत मागून पंखांचा फटका बसतो आणि मासा गेलेला असतो. एका पाहुण्यांचा अख्खा तुकडा मी असा जाताना पाहिला आहे : चौदा पौंड, एका घासाविना. भिंतीला पाठ लावून बसा, डबा मांडीवर आणि झाकण अर्धंच उघडं.

बघण्याच्या ठिकाणी पैसे कुठे घालवायचे? माझं मत स्पष्ट आहे : रॉयल पॅव्हिलियनवर, दुसरीकडे कुठे नाही. तिकीट माणशी वीस पौंडांच्या आसपास. चौथ्या जॉर्जसाठी जॉन नॅशने बांधलेला हा महाल बाहेरून घुमट-मिनारांचा हिंदुस्थानी आणि आतून चिनी आहे. भारत न पाहिलेल्या माणसाने रंगवलेलं भारताचं स्वप्न. भारतीय पाहुण्याला ते आधी हास्यास्पद वाटतं. मग आतली छायाचित्रं दिसतात : पहिल्या महायुद्धात, डिसेंबर १९१४ पासून १९१६च्या सुरुवातीपर्यंत, फ्रान्सच्या आघाडीवर जखमी झालेल्या हिंदी सैनिकांचं इस्पितळ इथे होतं. झुंबरांखाली खाटांच्या रांगा आणि खाटांवर फेटेवाले. जाती-धर्मांचे नियम सांभाळायला आवारात नऊ वेगवेगळी स्वयंपाकघरं होती. लेकीच्या घरी भांडी वेगळी ठेवण्यावरून कुरबुर करणाऱ्या एका काकांनी त्याबद्दलची पाटी दोनदा वाचली होती.

पैसे द्यायचे नसतील तर बागेत फिरा. बागेला तिकीट नाही, आणि दक्षिणेकडचं ‘इंडियन गेट’ही तसंच बघता येतं. भारतीयांनी कृतज्ञतेपोटी दिलेलं ते दार १९२१ साली पतियाळाच्या महाराजांनी खुलं केलं. त्याच वर्षी डोंगरावर ‘छत्री’ उभी राहिली. ब्रायटनच्या इस्पितळांत वारलेल्या त्रेपन्न हिंदू आणि शीख सैनिकांना जिथे अग्नी दिला, त्या जागी संगमरवरी छत्री आहे. पॅचमपर्यंत बसने आणि पुढे माळावरून अर्धा-पाऊण तास पायी. पावसानंतर चिखल असतो, गुडघे दुखणाऱ्यांनी नाद सोडावा. सेंट निकोलस चर्चच्या आवारात मात्र कुणीही जाऊ शकतं. पाटण्याहून आलेल्या शेख दीन महंमदची कबर तिथे आहे. यानेच ब्रायटनात चंपीचा हमामखाना काढून राजाला मालिश केली, आणि ‘चंपी’चा ‘शॅम्पू’ या गावातून गाजला.

पॅलेस पिअरवर पूर्वी फुकट जाता यायचं. २०२४ साली एक पौंड प्रवेशमूल्य लागलं आणि पुढच्या वर्षी दोन. तेवढे द्यायला हरकत नाही. पण आतल्या पाळण्यांचे आणि नाण्यांच्या यंत्रांचे पैसे वेगळे, आणि नातवंडं सोबत असतील तर तिथे वीस पौंड कधी गेले ते कळत नाही. आत शिरण्याआधी आकडा सांगून टाका. किनाऱ्यालगतची व्होल्कची विजेवरची छोटी आगगाडी १८८३ची, जगात अजून चालू असलेली सर्वांत जुनी. उन्हाळ्यातच धावते, जाऊन-येऊन पाच-सहा पौंड. मुलांसाठी ठीक. किनाऱ्यावरच्या, काचेच्या केबिनमधून वर नेणाऱ्या उंच मनोऱ्यावर मी पैसे घालणार नाही.

ते पैसे बसला द्या. लंडनबाहेर इंग्लंडात बसचं एकेरी भाडं सध्या जास्तीत जास्त तीन पौंड आहे, आणि त्यात बारा नंबरची बस ब्रायटनहून ईस्टबोर्नच्या वाटेवर सेव्हन सिस्टर्सच्या पार्कपाशी सोडते. वरच्या मजल्यावर पुढे उजवीकडे बसा. खडूच्या पांढऱ्या कड्यांचा तो देखावा हॉटेलच्या कोणत्याही ‘सी व्ह्यू’पेक्षा भारी आहे. कड्याच्या टोकाला फोटोसाठी जाऊ नका. खडू ठिसूळ असतो, आणि कडा खालून पोखरलेला असला तरी वरून दिसत नाही.

बेरीज करू. दोघं, दोन रात्री, रविवार ते मंगळवार : रेल्वे ४५ पौंड, खोली १५०, खाणं १४०, पॅव्हिलियन, पिअर आणि छोटी आगगाडी मिळून ५६, सेव्हन सिस्टर्सची बस जाऊन-येऊन १२. एकूण ४०३. हेच शुक्रवार ते रविवार केलं तर खोलीचे ३०० आणि रेल्वेचे ६० धरून ५६८. पौंड १२० रुपये धरला तर पहिला आकडा साधारण अठ्ठेचाळीस हजार, दुसरा अडुसष्ट हजार. वीस हजार रुपयांचा फरक, आणि दोन्ही वेळी समुद्र तोच.

फक्त रविवारी निघण्याआधी रेल्वेचं त्या दिवसाचं वेळापत्रक बघा. रुळांच्या दुरुस्तीची कामं इथे रविवारीच काढतात, आणि मग मधल्या टप्प्यात गाडीऐवजी बस लावलेली असते.