नेमबाजाच्या मापाची रायफल

अमरावती-अकोल्यातील छात्रसैनिकांची नेमबाजीशी ओळख बहुधा .२२ रायफलीने होते. लहानखुऱ्या मुलीच्या व धिप्पाड तरुणाच्या हाती एकच दस्ता येतो आणि नेम चुकला की दोष मुलीच्या हाताला लागतो. हे न्याय्य नव्हे.

रायफल रिकामी असल्याची खात्री करून दस्त्याचे टोक काटकोनात वाकविलेल्या कोपराच्या खोबणीत टेकवावे. तर्जनीचे पहिले पेर चापावर सहज पोचावे. दस्ता लांब असल्यास नेमबाज मागे झुकतो व बोट चापाला सरळ न ओढता बाजूला रेटते. गाल टेकताच, मान न ताणता, डोळा नेमाच्या रेषेत यावा.

स्वप्नील कुसळे यांनी २०२४ मध्ये पॅरिस येथे ज्या ५० मीटर प्रकारात कांस्यपदक मिळविले, त्यात गुडघ्यावर, झोपून व उभ्याने नेम धरतात. अशा रायफलीचा दस्ता प्रत्येक स्थितीसाठी कमीअधिक करता येतो. शाळेच्या रायफलीस ती सोय नसते. तेथे शिक्षकानेच आखूड दस्त्याची रायफल निवडून द्यावी.