स्टेंटच्या आधी कॅल्शियमचा बंदोबस्त

प्रश्न : वडील ६८ वर्षांचे, मधुमेही. हृदयाच्या रक्तवाहिनीत खूप कॅल्शियम आहे, आधी ‘ड्रिलिंग’ करू म्हणतात. थेट स्टेंट का नाही?
– एक वाचक, अंबड (जि. जालना)

उत्तर : सल्ला योग्य आहे. कडक थरात स्टेंट पुरता उघडत नाही आणि अर्धवट उघडलेल्या स्टेंटमध्ये गुठळी होण्याची भीती मोठी. कॅल्शियमने वाहिनीचा अर्ध्याहून जास्त घेर व्यापला असेल, थर अर्ध्या मिलिमीटरहून जाड असेल, तर तयारी हवीच. वाहिनी रुंद करणारा फुगाही पुढे सरकत नसेल तर रोटाब्लेशन, म्हणजेच ते ‘ड्रिलिंग’ : हिऱ्याचे कण बसवलेलं बारीक टोक मिनिटाला सुमारे दीड लाख फेरे घेत थर घासतं. खोलवरच्या कॅल्शियमला फुग्यातून लहरी देऊन तडे पाडतात. मुतखडा फोडण्याचंच तत्त्व. वाहिनीला इजा होण्याचा थोडा धोका असतो, म्हणून अनुभवी हात आणि आतून पाहणारी ओसीटी किंवा आयव्हस तपासणी आहे का, हे जरूर विचारा. आणि वडिलांचं दूध बंद करू नका. हे कॅल्शियम दुधातून साचत नाही.