एटनाच्या उतारावरील फिकट लाल वाईन

इटलीच्या दक्षिण टोकालगत भूमध्य समुद्रात वसलेले सिसिली हे बेट कडक उन्हासाठी प्रसिद्ध आहे. ११ ऑगस्ट २०२१ रोजी या बेटाच्या आग्नेय भागात, सिराकुसा शहराजवळ, ४८.८ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली. युरोप खंडातील हे आजवरचे सर्वोच्च तापमान असल्याचे जागतिक हवामान संघटनेने पुढे मान्य केले. अशा उष्ण प्रदेशातील तांबडी वाईन गडद, जड आणि तीव्र असणार, असा सर्वसाधारण समज आहे. सखल भागापुरता तो बराचसा खराही आहे. परंतु त्याच बेटाच्या पूर्व किनाऱ्यालगत, एटना या जागृत ज्वालामुखीच्या उतारावर तयार होणारी तांबडी वाईन पेल्यात ओतली असता पलीकडचे बोट दिसावे इतकी फिकट असते. तिला चेरीचा व वाळलेल्या रानवनस्पतींचा मंद वास येतो. चव हलकी व किंचित आंबट असते आणि शेवटी कोऱ्या चहासारखा तुरटपणा जिभेवर रेंगाळतो. उष्ण भूमीत असे नाजूक पेय कसे निपजते, हे समजून घेणे उद्बोधक आहे.

उंचीचा लाभ

याचे पहिले कारण म्हणजे उंची. समुद्रसपाटीपासून दर शंभर मीटर वर गेल्यास हवेचे तापमान सरासरी सुमारे ०.६ अंशाने घटते. एटनाच्या द्राक्षबागा साधारणपणे ४०० ते १,००० मीटर उंचीवर आहेत. म्हणजे किनाऱ्यावरील कातानिया शहर उन्हाने होरपळत असते, तेव्हा ७०० मीटरवरील बाग चार-पाच अंशांनी थंड असते. शिवाय तेथे दिवसाच्या व रात्रीच्या तापमानात मोठा फरक पडतो. दिवसाच्या उन्हाने द्राक्षात साखर भरते, तर रात्रीच्या गारव्यामुळे फळातील आम्ल जळून जाण्याचा वेग मंदावतो. गोडी वाढूनही आंबटपणा टिकून राहतो आणि त्यामुळेच वाईनला टवटवी येते.

उशिरा पिकणारे द्राक्ष

दुसरे कारण द्राक्षाच्या जातीत आहे. ‘एटना रोस्सो’ या नावाने विकल्या जाणाऱ्या वाईनमध्ये नेरेल्लो मास्कालेसे या स्थानिक जातीचे प्रमाण किमान ८० टक्के असावे लागते. तिच्या जोडीला नेरेल्लो काप्पुच्चो ही दुसरी स्थानिक जात वापरतात. नेरेल्लो या शब्दाचा संबंध काळ्या रंगाशी आहे. गंमत अशी की, मास्कालेसेच्या सालीत रंगद्रव्य बेताचेच असते. तुरटपणा देणारे टॅनिन मात्र भरपूर असते.

ही जात पिकण्यास फार सावकाश आहे. सिसिलीच्या सखल भागातील काही द्राक्षांची काढणी ऑगस्टमध्येच सुरू होते. एटनाच्या उत्तर उतारावर मात्र ती बहुधा ऑक्टोबरच्या मध्यास येते. ऐन उन्हाळा ओसरल्यावर, हवा दिवसेंदिवस थंड होत असताना, हे फळ पिकते. सुगंधाच्या नाजूकपणाचे मर्म पुष्कळसे येथेच आहे.

राखेची जमीन, दगडांचे गडगे

उद्रेकांतून साचलेली राख, वाळू आणि झिजलेला लाव्हा यांची ही काळी जमीन आहे. पाण्याचा निचरा तिच्यातून चटकन होतो आणि वेलीची मुळे खोलवर जातात. या वाळूमिश्रित जमिनीने द्राक्षशेतीवर एक मोठे उपकारही केले. वेलीची मुळे शोषणारी फायलोक्झेरा ही कीड १८८० मध्ये सिसिलीत आढळली आणि पुढे बेटावरील असंख्य बागा तिने उद्ध्वस्त केल्या. मात्र वाळूत या किडीचा फैलाव नीट होत नाही. त्यामुळे एटनावर काही ठिकाणी शंभर वर्षांहून जुन्या, स्वतःच्याच मुळांवर वाढलेल्या वेली आजही फळ देत आहेत.

उतार बांधून काढण्यासाठी येथील शेतकऱ्यांनी काळ्या दगडांचे, चुन्याशिवाय रचलेले गडगे पिढ्यान्‌पिढ्या उभारले. या पायऱ्यांवर वेली मांडवावर न चढवता एकेका चेस्टनटच्या खुंटाला बांधून लहान झुडपासारख्या वाढवतात. तेथे यंत्र जाऊ शकत नाही. छाटणी, खुरपणी, तोडणी ही सर्व कामे हातानेच करावी लागतात.

ज्वालामुखी जसा देतो, तसा नेतोही. ज्या मास्काली गावावरून या द्राक्षाला नाव मिळाले, ते जुने गाव नोव्हेंबर १९२८ मधील उद्रेकात लाव्ह्याखाली गाडले गेले. मार्च १९८१ मध्ये रांदाझ्झोजवळ बागा, रस्ते आणि लोहमार्ग लाव्ह्याने गिळले.

बिननावाचा माल

परंतु या शेतीवरचे सर्वांत मोठे संकट ज्वालामुखीचे नव्हते. ते बाजाराचे होते. १८८९ ते १८९५ या काळात पर्वताला वळसा घालणारा, सुमारे ११० किलोमीटर लांबीचा लोहमार्ग बांधण्यात आला. त्यावरून वाईनची पिंपे रिपोस्तो बंदराकडे जात. हा माल पुष्कळदा अन्य प्रांतांच्या वाईनमध्ये मिसळण्यासाठी विकला जाई. पिंपावर ना शेताचे नाव, ना द्राक्षाचे. विसाव्या शतकात तरुण मंडळी शहरांकडे आणि परदेशी निघून गेली. हाताने करावयाच्या शेतीचा खर्च निघेना. अनेक गडगे ढासळले, पायऱ्यांवर झुडपे माजली.

१९६८ मध्ये एटनाला कायद्याने संरक्षित स्थाननाम मिळाले. तथापि केवळ नावाने भाव वाढला नाही. त्या नावाला साजेसा दर्जा निर्माण व्हावा लागला. १९८८ मध्ये ज्युझेप्पे बेनांती या औषध उद्योजकांनी साल्व्हो फोती या वाईनतज्ज्ञांच्या साहाय्याने जुन्या बागांच्या द्राक्षांवर पद्धतशीर काम सुरू केले. सन २००० नंतर इतरही उत्पादक तेथे आले. गडद रंग मिळविण्याचा अट्टहास न करता द्राक्षाचा मूळ स्वभाव जपावा, हे धोरण अनेकांनी स्वीकारले.

एटनावर एका शेताखाली शेकडो वर्षांपूर्वीचा लाव्हा असतो, तर शेजारच्या शेताखाली हजारो वर्षांपूर्वीचा. साहजिकच जमीन बदलते आणि चवही. आपल्या खेड्यांत जशी शिवाराच्या तुकड्यांना जुनी नावे असतात, तशी तेथेही आहेत. २०११ मध्ये अशा १३३ भागांची नावे नियमांत समाविष्ट करण्यात आली आणि बाटलीवर ती छापण्याची सोय झाली. पूर्वी पिंपात हरवलेले शेत अशा रीतीने पुन्हा ग्राहकापर्यंत पोहोचले. वाईनला भाव आला, तेव्हा गडगे बांधणाऱ्या आणि वेली छाटणाऱ्या हातांनाही पुन्हा काम मिळाले.

आपल्याकरिता बोध

महाराष्ट्राच्या द्राक्षबागाइतदारांना हे उदाहरण काहीसे जवळचे वाटेल. दख्खनचे पठारही लाव्ह्याच्याच थरांनी बनले आहे. नाशिकही उष्ण कटिबंधात असून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. २००१ मध्ये राज्य शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योगासाठी स्वतंत्र धोरण जाहीर केले आणि वाईन उद्योगाला चालना मिळाली.

मात्र अनुकरण करताना एक फरक ध्यानी घ्यावा लागेल. एटनावरील वेल हिवाळ्यात झोपते आणि तिचे फळ थंड होत जाणाऱ्या हवेत पिकते. आपल्याकडे वेलीची एप्रिल व ऑक्टोबरच्या सुमारास अशी वर्षातून दोनदा छाटणी होते. वाईनची द्राक्षे हिवाळ्याच्या उत्तरार्धात पिकू लागतात आणि हंगाम लांबला की ऊन तापू लागते. म्हणजे तेथे वेळ शेतकऱ्याच्या बाजूने असते, तर येथे त्याच्या विरुद्ध. म्हणून एटनाची जात जशीच्या तशी येथे आणून एटनाची वाईन मिळणार नाही. कोणत्या उंचीवर, कोणत्या जातीची, कोणत्या आठवड्यात छाटणी केली असता फळ गारव्यात पिकेल, हे आपल्याच शिवारात, वर्षानुवर्षांच्या नोंदींतून ठरवावे लागेल.

एटनाच्या शेतकऱ्यांनी उन्हाशी झुंज दिली नाही. त्यांनी उन्हातही गारवा राखणारी जागा निवडली आणि उशिरा पिकणारे द्राक्ष जपले. मालावर आपल्या शेताचे नाव आले, तेव्हाच त्यांच्या कष्टांचे मोल झाले. हा धडा द्राक्षांपुरताच आहे, असे नाही.